पहिलं सोनं

उदगीरच्या अलीकडं देशमुखांची एक गढी होती. तिथली रीत अशी, की दसऱ्याला गादीवर बसणाऱ्याला पहिलं सोनं, म्हणजे आपट्याचं पान, सुईणीनं द्यायचं. ज्या हातांवर वारस जन्मला त्याच हातांनी. निजाम गेला, जहागीर गेली, तरी गादी दर दसऱ्याला झटकून अंथरली जायची, आणि सुईण सिद्धम्मा तीस वर्षं गादीवरच्या संगप्पाच्या हातात पान ठेवत आली. ठेवताना त्याच्या तोंडाकडं मात्र कधी बघितलं नाही.

कारण जुळ्यांतला आधी आलेला संगप्पा नव्हता. आधी आलेला निळा पडलेला, गप्प. तिनं त्याला सुपात ठेवून वर फडकं टाकलं. दुसरा खणखणीत रडला. दाराबाहेर जंगमस्वामी बाळाच्या गळ्यात बांधायचं लिंग घेऊन ताटकळले होते. थोरला दे, म्हणाले. सुपातला काही जगत नाही, असं धरून तिनं रडणारा दिला. ज्याला आधी लिंग बांधलं तो थोरला. परत येऊन सुपाशी उभी राहिली, तर आतून बारीक हुंकार आला. तो गुरुलिंग. तोवर बाहेर साखर वाटून झाली होती. सिद्धम्माची जीभ उचलली नाही.

पुढं भावांत गादीचा दावा लागला आणि गुरुलिंग गढीतून बाहेर पडला. बहात्तरच्या दुष्काळात तो आणि सिद्धम्मा एकाच कामावर खडी फोडायला. रोज तिच्याच शेजारी बसायचा, डेऱ्यातलं पाणी आधी तिला द्यायचा. बोलायचा काही नाही, नुसता बघायचा. त्या उन्हाळ्यात तो खडीच्या ढिगाशीच गेला. तेव्हापासून कुणाच्याही बाळंतपणात, मूल बाहेर येऊन रडायच्या आधीच्या त्या एका क्षणात, सिद्धम्माला तो शेजारी बसलेला दिसायचा.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला, दावा उस्मानाबादेहून तिकडं आला. आता सांगायचंच, म्हणून सिद्धम्मा आपणहून साक्षीला गेली. पण कागद अजून उस्मानाबादेतच होते. दिवाळीनंतरची तारीख पडली. मग कोर्टाच्या पायरीवर तिनं गुरुलिंगच्या बायकोला, त्याच्यामागं दावा चालवणाऱ्या दानम्माला, सगळं सांगितलं.

दानम्मा भाकरीचं फडकं सोडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"त्यायला ठाव होतं, अव्वा. आत्याबाईनं मरताना सांगितलेलं."

"मंग बोलला का न्हाई?"

"म्हणायचे, मेलेल्या आईचं कोण ऐकतंय? सिद्धम्मा बोलली तर खरं. म्हणून तर तुझ्या बाजूला बसायचे." तिनं अर्धी भाकर पुढं केली. "खा. यस्टीला लई येळ हाय."

सिद्धम्माला दिवाळीपर्यंत थांबवेना. दसऱ्याला गादी अंथरली, गाव जमला, संगप्पानं सवयीनं हात पुढं केला. पान घेऊन ती त्याच्या समोरून गेली, थेट मागं बायकांत उभ्या दानम्मापर्यंत, आणि ते तिच्या मुठीत दाबलं.

"थोरल्याचं हाय," म्हणाली.

संगप्पाचा हात तसाच पुढं राहिला. त्या शांततेत सिद्धम्मा कान देऊन उभी होती, जुळी झाली त्या दिवशी सुपाशी उभी होती तशी.