कोपराची तोड

ब्राझीलमधल्या नितेरोई शहरातल्या सरकारी शाळेत जुसारा एकवीस वर्षं स्वयंपाक करत होती. चारशे पोरांचा भात-घेवडा ती एकटीच्या जोरावर उतरवायची. चाळिशीत गुडघे कुरकुरायला लागले म्हणून ती वाल्देमिर मास्तरांच्या जिउ-जित्सू कुस्तीच्या वर्गात जाऊ लागली, आणि तिथेच रमली.

तिथला नियम साधा होता. समोरच्याने सांधा अडकवला की हाताने दोनदा थोपटायचं, त्याने लगेच सोडायचं. पण जुसारा हट्टी. सरावात एकदा हात पुरता अडकला असताना तिने थोपटलंच नाही. कोपरातून ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. तीन महिने हात गळ्यात.

परत आली ती भित्री होऊन. कुणी मनगट धरलं की ही थोपटून मोकळी.

"अगं बाई, मी अजून घामच पुसतोय!" एकदा जोडीदार म्हणाला. सगळे हसले. जुसाराही हसली, पण घरी जाताना तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिला बाजूला घेतलं. सत्तरीचा माणूस, दोन्ही कान कुस्तीत मुरगळून सुकलेले.

"हात अडकला की तू काय करतेस?"

"ओढते."

"म्हणूनच दुखतं. ओढशील तेवढं कोपर समोरचीच्या मांडीवर ताणलं जातं. ओढू नकोस, वळव. अंगठा जमिनीकडे. कोपर आडवं झालं की ती मोडणार काय, कपाळ? मग त्याच बाजूला अंग टाक आणि पाय डोक्याभोवती चालव."

"आणि नाही जमलं तर?"

"तर थोपट. थोपटायला लाज कसली? लाजेपायी तीन महिने घरी बसलीस ना?"

दोन महिने ती एवढंच करत राहिली. अंगठा, खांदा, पाय. स्वप्नातही अंगठा वळायचा.

ऑगस्टमध्ये शहरातल्या स्पर्धेत चाळिशीपुढच्या बायकांच्या गटात तिची गाठ क्लेउझाशी पडली. क्लेउझा बस चालवायची. खांदे दारासारखे रुंद. तिने दोन मिनिटांतच जुसाराला पाडलं, छातीवर बसून गुण घेतले आणि तिचा उजवा हात धरून स्वतःला मागे झोकून दिलं. एक पाय छातीवर, दुसरा तोंडावर. कोपर ताणलं गेलं.

जुसाराचा डावा तळवा थोपटायला वर उठला.

"अंगठा!" मास्तर बाहेरून ओरडले. "जुसारा, अंगठा!"

तिने अंगठा जमिनीकडे वळवला. कळ एकदम ओसरली. खांद्यावरून कूस बदलत तिने पाय चालवले, एक, दोन, तीन, आणि हात सुळकन बाहेर आला. तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. ती आता वर होती आणि क्लेउझा खाली. गडबडून क्लेउझाने तिला लोटायला हात ताठ केला. असा आयता हात कोण सोडतो? जुसाराने तो खांद्याशी आवळला आणि कोपर दाबलं.

क्लेउझा थोपटेना. दात आवळून, डोळे मिटून पडून राहिली.

"थोपट गं," जुसारा तिच्या कानात म्हणाली.

"नाही!"

"अगं, मोडेल!"

"मोडू दे!"

हातात सांध्याचं ते शेवटचं टोक जुसाराला स्पष्ट जाणवत होतं. आणखी बोटभर दाबलं असतं तर ही बाई तीन महिने स्टिअरिंगला शिवली नसती. जुसाराने पकड ढिली केली. क्लेउझा निसटली, आणि तेवढ्यात वेळ संपली. पंचांनी गुणांवर क्लेउझाचा हात वर केला.

 पाण्याची बाटली पुढे करून मास्तरांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

बाहेर पायऱ्यांवर क्लेउझा तिच्याशेजारी येऊन बसली. कोपर वाकवून, सरळ करून बघत होती.

"का सोडलंस? मूर्ख आहेस का?"

"दुखतंय?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना, बाई! उद्या पहाटे पाचला बस काढायचीय मला." मग आवाज खाली आला. "मला थोपटता येत नाही गं. हात उठतच नाही."

"येईल," जुसारा म्हणाली. "मला तर इतकं यायला लागलं होतं की वर्गभर हसायचे."

क्लेउझा खो खो हसली. पिशवीतून तिने कोंबडीचं सारण भरलेल्या दोन तळलेल्या कोशिन्या काढल्या, आणि एक त्याच उजव्या हाताने, कोपर पूर्ण लांब करून, जुसारापुढे धरली. तो हात न दुखता लांब झालेला पाहून जुसाराने कोशिनी घेतली आणि मोठा घास तोडला.