अर्ध्या सीनचा दोरा

दुपारी अडीचच्या सुमाराला रंगराव सुतारांचा डोळा लागू लागतो. कोल्हापुरातल्या ज्या स्टुडिओत त्यांनी चाळीस वर्षं राजवाडे उभे केले आणि पाडले, तिथं आता कलाकेंद्र आहे. दोन नंबरच्या फ्लोअरवर मुली नाच शिकतात. रंगराव भिंतीकडेच्या बाकावर बसलेत. मांडीवर पिशवी, पिशवीत बायकोचं, हौसाचं लुगडं. नातीला दिवस गेलेत, आणि सुनेला त्या लुगड्याचं बाळासाठी दुपटं शिवायचंय. शिवणवर्ग शेजारच्याच खोलीत. सून तिथं वाट बघतेय, आणि यांचा पाय उचलत नाही.

लुगड्याच्या काठाला लाल दोरा आहे. हौसा इथला कपडेपट सांभाळायची. सीन अर्धा राहिला की त्यातल्या कपड्याला ती आतून लाल दोरा घालायची. दोरा आहे तोवर धुवायचं नाही. घामाचा डागसुद्धा दुसऱ्या दिवशी तसाच दिसला पाहिजे. ती गेली तेव्हा तिचं आदल्या दिवशीचं लुगडं दांडीवर होतं. रंगरावांनी त्याला दोरा घातला. चौदा महिने कुणी ते धुतलेलं नाही.

घुंगरांचा आवाज लांब जातो. वरचे मोठे दिवे एकेक करून लागतात. समोर पडद्यावर रंगवलेलं आभाळ आहे, पण त्यातून वारा येतोय. रंगराव प्लायवूडच्या दरवाजाला हात लावतात. तो दगडासारखा गार लागतो. आत काळा-पांढरा दरबार भरलाय, माणसं श्वास रोखून उभी. पुढचं पाऊल मालिकेतल्या तीन भिंतींच्या स्वयंपाकघरात पडतं, आणि ओट्यापाशी हौसा आहे.

"काय वं, बसल्या बसल्या झोपलासा व्हय?"

"न्हाई. तुझी वाट बघत हुतो."

"खोटं. घोरत हुतासा."

ती लुगडं घेते, काठ उलटून बघते. "ह्यो दोरा कुणी घातला? टाका हाय का खिळा ठोकलाय?"

"मीच घातलाय."

"कुठला सीन ऱ्हायलाय?"

"त्या सकाळी तू च्या ठेवलास. मी म्हटलं, आलोच. आलो तर तू पडली हुतीस."

"आन् च्या?"

"उतू गेला. तुझ्या हातचा ऱ्हायला तो ऱ्हायलाच."

हौसा कपबशी पुढं करते. शेगडी लाकडाची, रंगरावांनीच केलेली. तिच्यात कधी जाळ पेटलाच नव्हता. तरी चहाला वाफ आहे. ते बशीत ओतून पितात. आलं नेहमीसारखं जास्त. दिवे, दरबार, आभाळ, सगळं गप्प उभं. उभा स्टुडिओ त्यांच्या एका घोटासाठी थांबलाय.

"झाला?"

"झाला."

"मग सीन पुरा." ती काठ तोंडाशी नेते.

"कात्री घे की. किती येळा सांगायचं, दात पडतील."

"आता कशानं पडत्यात," ती हसते, आणि दातानं दोरा तोडते.

घुंगरं जवळ येतात. खांद्यावर सुनेचा हात आहे.

"मामा, ऱ्हाऊ दे. मन हुईना तर दुसऱ्या लुगड्याचं शिवू."

रंगराव पिशवी तिच्या हातात देतात. "आधी धू. मग शिव."

ती लुगडं काढते, काठ चाचपते. "आणि दोरा वं?"

रंगराव मूठ उघडतात. तळव्यावर लाल दोरा आहे. त्याचं एक टोक अजून ओलं आहे.