काथ्याची माणसं

परळच्या रेल्वे कारखान्यात माझे यजमान रिबिट मारायच्या कामावर होते. दोन लोखंडी पत्रे जोडायचे तर लालभडक तापवलेला जाड खिळा भोकात घालायचा आणि घणाने ठोकून त्याचं डोकं बसवायचं. मी लालबागच्या चाळीत बसून कुलाब्याच्या कापूस-गोदामांसाठी गोण्या शिवायची. लिहायला मी फार पुढे शिकले, गिरगावातल्या एका मुलींच्या शाळेत कामाला राहिल्यावर. तेव्हा हे सगळं आठवतं तसं सांगते आहे.

एका संध्याकाळी हे कामावरून आले ते हातपाय न धुताच उंबऱ्यात बसले.

"अगो, माणसं शिवशील?"

"कसली माणसं?"

"गोणपाटाची. पुरुषभर उंचीची. आमच्या सायबाला हवीत."

साहेब म्हणजे कारखान्यातला एक तरुण गोरा इंजिनेर. सरहद्दीवर पठाणांशी लढाई पेटायची चिन्हं होती आणि गोळीबारातून शिपायांना सुखरूप नेईल असा लोखंडी पत्र्यांचा रेल्वेचा डबा लष्कराने कारखान्याकडून मागितला होता. डबा तयार झाला होता. त्याच्यावर खऱ्या बंदुका झाडायच्या आणि आत बसलेल्यांचं काय होतं ते बघायचं, असं ठरलं होतं. आत जिवंत माणूस बसवता येत नाही, म्हणून बाहुली हवी होती.

मी हो म्हटलं, कारण माझा पाठचा भाऊ पलटणीत होता.

गोणपाटाचे हातपाय शिवले, आत भाताचा पेंढा आणि काथ्या दाबून भरला. तोंडाच्या जागी नुसतं गाठोडं. चाळीतल्या बायका हसल्या. एकीने एकाला मिश्या काढल्या. हातगाडीवर घालून ती माणसं शिवडीच्या खाजणाकडे, डबा उभा केला होता तिथे गेली.

परत आली तेव्हा मी जिन्यातच थबकले. एकाचा गळा फाटला होता, दुसऱ्याच्या पोटातून काथ्या लोंबत होता.

"गोळ्या आत घुसल्या?" मी विचारलं.

"एकही नाही," हे म्हणाले. "पत्रा कुठे फुटला नाही. नुसते पोचे आले. बाहेर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दार उघडलं."

"मग हे कशानं झालं?"

त्यांनी खिशातून एक लोखंडाची गोल टोपी काढून माझ्या हातावर ठेवली. रिबिटाचं डोकं होतं ते. बाहेरून गोळीचा दणका बसला की आतल्या बाजूची डोकी तुटायची आणि गोळीसारखीच उडायची.

"मी मारलेली आहेत ती," एवढंच ते बोलले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांचं रिबिट कधी सैल निघत नाही, असं कारखान्यात सगळे म्हणत. काम चांगलं करून असं व्हावं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

साहेबाने निरोप धाडला होता: प्रत्येक भोकाला लाल कापडाचं ठिगळ लाव, म्हणजे पुढच्या खेपेची भोकं वेगळी कळतील. मी लाल खणाचे तुकडे केले. त्या दिवसांत दुपार झाली की माझ्या मांडीवर एखादं काथ्याचं माणूस आडवं असायचं आणि मी त्याची छाती शिवत असायची.

असंच शिवत असताना भाऊ आला. पलटण उत्तरेला निघणार होती, म्हणून दोन दिवसांची रजा मिळाली होती. दारातूनच ओरडला, "बाय, घरात पाहुणे आलेत की काय गो?" एका बाहुलीच्या डोक्यावर स्वतःचं पागोटं ठेवलं, तिच्या खांद्यावर हात टाकून बसला आणि आम्हाला हसवून हसवून बेजार केलं. मग त्याची नजर लाल ठिगळांवर गेली. मी त्याला डब्याची गोष्ट सांगितली, तसं एकेक ठिगळ त्याने बोटाने चाचपलं.

"एवढी लागतात?"

"साहेब उपाय करतोय," हे घाईघाईने म्हणाले. "आतून सागाच्या फळ्या ठोकतोय आम्ही. डोकी उडाली तरी लाकडात रुततील."

"भावोजी, मग तेवढं लवकर करा," भाऊ म्हणाला. पागोटं काढून घेतलं आणि माझ्याकडे चहा मागितला. जाताना मी त्याला नारळाच्या वड्या बांधून दिल्या. स्टेशनावर गाडी हलली तशी तो खिडकीतून ओरडला, "आयेला सांग, मी जाडा झालोय!"

पुढच्या खेपांना भोकं कमी होत गेली. फळ्या जाड केल्या, त्यांच्यामागे लोकर कुटून केलेला जाड नमदा घातला. शेवटच्या खेपेला माझी माणसं जशी गेली तशी परत आली. हे लालबागच्या नाक्यावरून पेढे घेऊन आले. डबा आगगाडीला जोडून उत्तरेला रवाना झाला. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण माझा भाऊ त्याच डब्यात बसणार, असं मी धरूनच चालले. रोज दिवा लावताना मला तो डबा डोळ्यांपुढे दिसायचा आणि मन शांत व्हायचं.

पावसाळा सरता सरता गावी सरकारी पत्र आलं. आये आगबोटीने मुंबईला आली. धक्क्यावर तिला पाहिलं आणि विचारायचं काही उरलं नाही. पत्रात मेला एवढंच होतं, कसा ते नव्हतं. हे रात्रंदिवस एकच बोलायचे, "माझीच रिबिटं सुटली असतील." मी समजूत घालायची, पण मलाही तीच धास्ती होती.

काही महिन्यांनी भावाच्या पलटणीतला, आमच्याच गावाकडचा एक शिपाई रजेवर जाताना आमच्याकडे आला. भावाची पितळी लोटी आणि अंगरखा घेऊन. यजमानांनी त्याला टेकूसुद्धा दिलं नाही.

"डब्यात होता का तो? लोखंडी डब्यात?"

"कसला डबा?" तो गोंधळला. "आम्ही पायीच गेलो. रेल्वे तर मागेच राहिली. अजून लढाईच्या जागेला पोचलोही नव्हतो. नदीकाठी तळ पडला आणि पटकीची साथ आली. सकाळी चालत होता, संध्याकाळी गेला."

यजमान भिंतीला टेकून बसले आणि ओक्साबोक्शी रडले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असेल, की आणखी काही, मी कधी विचारलं नाही. मला मात्र त्या सगळ्या सागाच्या फळ्यांचा, नमद्याचा, माझ्या टाक्यांचा राग आला. राग कुणावर करायचा तेही कळेना. साहेबाने मनापासून काम केलं होतं. त्या डब्यात बसून कुणाचे तरी भाऊ वाचलेही असतील.

पत्र आल्यापासून आये आमच्याकडेच होती; कोपऱ्यात ती लोटी मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "त्याच्या तोंडात पाणी कोणी घातलं रे, बाबा?"

"मी घातलं, काकी. तो मागत होता, तेवढं सगळं घातलं. डॉक्टर पाणी देऊ नको म्हणत होता, तरी."

आये उठली. चुलीवर भात ठेवला, सुक्या बांगड्याचं कालवण केलं. त्याला पाटावर बसवलं आणि तो जेवेपर्यंत समोर बसून वारा घालत राहिली. तो पुरे म्हणाला तरी तिने पुन्हा वाढलं.