वर्गणीचा बंब

आम्ही चार जुने बंबवाले चहाला बसलो की किस्से थांबत नाहीत. ते गोळा करावे लागत नाहीत, आगच पुरवते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सिल्वासाला कारखाने भराभर उभे राहिले आणि काही कारखानदारांनी वर्गणी काढून एक बंब घेतला. जवळच्या खेड्यांकडे काहीच नव्हतं, म्हणून तिथेही आम्हीच जायचो. पण बंब उभा एका कारखान्याच्या आवारात! खेरडीला गवताच्या गंज्या पेटल्या, आम्ही घंटा वाजवत निघालो, तर गेटवर वॉचमन आडवा. भरलेली गाडी बाहेर जाते, गेटपास दाखवा, आत माल काय? आमचे ड्रायव्हर सोनवणे खानदेशचे. ते शांतपणे म्हणाले, "पानी शे भाऊ, मोजी ले."

आणि तो खरंच शिडी चढून टाकीत डोकावला!

एका शेठनी तर कमाल केली. वर्षभरात आपल्याकडे आग लागली नाही, तेव्हा वर्गणी परत द्या म्हणाले. आमचे साहेब राणे, मूळचे कोकणातले. त्यांनी विचारलं, "शेठ, लावून देऊ का?"

अथालचा किस्सा आठवला की अजून संताप येतो. गावात फोन नाही. घर पेटलंय सांगायला एक माणूस सायकल मारत आला. बंब ज्या कारखान्यात उभा, तिथल्या मॅनेजरनं विचारलं, गाव वर्गणी भरतं का? नाही? मग मुंबईच्या हेड ऑफिसला विचारावं लागेल. ट्रंक कॉल लागेना. तो माणूस बाकावर बसून राहिला. शेवटी गावाहून दुसरा सायकलवाला आला, घर कोसळलं हे सांगायला. मी हादरून बघतोय आणि मॅनेजर म्हणतो, "चला, डिझेल वाचलं!"

त्यानंतर राणेसाहेबांनी परवानगी मागणं सोडलं. रांध्याहून निरोप आला तसे आम्ही सुटलो. मे महिना. कुडाच्या घराचं छप्पर धडधडत जळत होतं. माणसं, गुरं बाहेर काढलेली, शेजारचं घर लांब. मी नोझल धरलं, तेवढ्यात घरमालक नवसू हात जोडून समोर उभा राहिला. गावची विहीर आटली होती. त्याच्यामागे बायका हंडे घेऊन उभ्या.

"घर त गेलाच, साहेब. पाणी हंड्यात द्या."

मी राणेसाहेबांकडे बघितलं, त्यांनी तोंड फिरवलं. मी नोझल खाली केलं. पहिला हंडा नवसूच्या बायकोनं पुढे केला.