तीस पावलं मागे

तळ्याकाठच्या पार्किंगच्या खिडकीत मी अकरा वर्षं बसते आहे. या खिडकीतून तळं दिसत नाही. दिसतात गाड्या, गाड्यांतून उतरणारी माणसं आणि डाव्या हाताला अवजारांची खोली. त्या खोलीच्या मागच्या अंगाला घड्याळकाका राहतात. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही थोडं वाईट लिहावं लागेल, म्हणून इतके दिवस टाळत होते.

घड्याळकाका हे नाव तिथे येणाऱ्या मुलांनी पाडलेलं. उभी नोकरी त्यांनी जमीनमोजणीच्या खात्यात मापाची साखळी धरण्यात काढली. लग्न राहून गेलं. "राहून गेलं म्हणजे कसं हो?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आज या गावात मोजणी, उद्या त्या गावात. कोणी विचारायला आलं तेव्हा मी मोजणीवर होतो." निवृत्त झाल्यावर तळ्याच्या वाटेची देखभाल त्यांच्याकडे आली. पडलेल्या फांद्या उचलायच्या, पुलाच्या फळ्या ठोकायच्या, बाकं पुसायची. खोलीत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीवर त्यांनीच पेन्सिलीने काढलेला तळ्याचा नकाशा. गेल्या सहा वर्षांत त्या खोलीत कोणी पाहुणा आलेला मी पाहिला नाही. मी स्वतः दारातूनच बोलायची.

तळ्याला फेरी मारायला पाऊण तास लागतो, असं जुन्या पाटीवर लिहिलेलं होतं. कुठल्या तरी तरुण साहेबाने झपझप चालून ती वेळ ठरवली असणार, आणि त्या साहेबाला पोरंबाळं नसणार हे उघड आहे. आईबाप पाटीवर विसंबून निघायचे आणि दोन तासांनी परत यायचे. थोरलं रडतंय, धाकटं बापाच्या खांद्यावर झोपलंय, आईच्या बुटात चिखल. पाटी लिहिणारा नामानिराळा आणि बोलणी खायला मी. शेवटी कार्यालयाने ठरवलं, लहान मुलांना घेऊन खरा किती वेळ लागतो ते मोजायचं आणि नव्या पाट्या लावायच्या. मोजणी म्हटल्यावर काम काकांकडेच येणार.

काकांनी ते मोजणी खात्याच्या शिस्तीने हातात घेतलं. एका मोजमापावर भागत नाही, निदान चाळीस हवीत. पण लहान मूल आणायचं कुठून? म्हणून मुलं घेऊन आलेल्या कुटुंबांच्या मागे ते चालू लागले, तीस पावलं अंतर ठेवून, एका हातात घड्याळ, दुसऱ्यात वही. सांगायचं मात्र नाही. सांगितलं की आईबाप मुलांना ओढत नेतात आणि मोजणी बिघडते. कुटुंब थांबलं की हे थांबणार, ते निघालं की हे निघणार.

संध्याकाळी खिडकी बंद करताना ते मला वही वाचून दाखवायचे. "निळी टोपी, वय चारच्या आसपास. लाकडी पूल, अकरा मिनिटं. पैकी पूल ओलांडायला दोन, वाकून पाणी बघायला नऊ." "जुळ्या बहिणी. पहिल्या बाकापर्यंत पळत. तिथं एकीच्या बुटात खडा. मग दुसरीलाही बुटात खडा पाहिजे." मी पोट धरून हसायची. काका गंभीर. म्हणायचे, "ताई, पोरं हळू चालतात असं लोक म्हणतात ना, ते साफ खोटं. पोरं आपल्यापेक्षा जोरात चालतात. पण थांबतात. मोजायचं असतं ते त्यांचं थांबणं."

त्या तीन महिन्यांत माणसाचा नूर पालटला. दाढी रोज होऊ लागली, सदऱ्याला इस्त्री आली. एकदा मी चिडवलं, "काका, चाळीस कधीच झाली असतील. आता काय पृथ्वी मोजताय?"

"झाली. पंधरा दिवस झाले त्याला."

"मग?"

"मग काही नाही. पुढं तीस पावलांवर का होईना, कोणाचं तरी घर चालत असतं. बोलतात, भांडतात, पोरं काहीबाही विचारतात. ऐकू येतं. खोलीत काय ऐकू येतं?"

मला त्यांची दया आली. दया यायला काही खर्च लागत नाही.

मग तो रविवार आला. त्या दिवशी सकाळीच काका मला बोलले होते, पार्किंगची दोरी वाकडी बांधली म्हणून. मी घुश्शात होते. खिडकीसमोर सात गाड्या अडकलेल्या. तेवढ्यात एक बाई दोन्ही मुलींचे हात घट्ट धरून आली. म्हणाली, "एक म्हातारा माणूस आमच्या मागं मागं येतोय. आम्ही थांबलो की तो थांबतो. मुलींकडे बघतो आणि काहीतरी लिहून घेतो."

एक वाक्य पुरलं असतं. अहो, ते आमचे काका, पाटीसाठी वेळ मोजतायत. काकांना हाक मारून समोर उभं केलं असतं तर तीही हसली असती. पण मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता, आणि खरं सांगायचं तर सकाळचा राग होता. मी म्हटलं, "घेते लिहून." तक्रारवही उघडली. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. "एक अनोळखी इसम मुलींच्या पाठीमागे फिरत होता." सहा वर्षं रोज ज्या माणसाशी बोलले, त्याला माझ्या हाताने अनोळखी इसम लिहिलं.

मंगळवारी कार्यालयातून साहेब आले. मी घाईघाईने सगळं सांगितलं. साहेब तसे भले. त्यांनी विश्वास ठेवला. काकांची वही शेवटपर्यंत चाळली. म्हणाले, "तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला शंका नाही. पण त्या बाईंचं काय चुकलं? मीही दोन मुलांचा बाप आहे. आणि हे बघा." त्यांनी मोठ्याने वाचलं, "निळी टोपी, वय चारच्या आसपास." ज्या वाक्याला मी पोट धरून हसले होते, त्याच वाक्याने माझ्या अंगावर काटा आला.

नोकरी राहिली, खोली राहिली. पण वाटेवरचं काम सकाळी सहा ते आठ. आठनंतर कुटुंबं येऊ लागली की काकांनी वाटेवर दिसायचं नाही. वही साहेब घेऊन गेले. काकांनी हुकमाखाली सही केली आणि मला एवढंच विचारलं, "तक्रार तुमच्या अक्षरात आहे, ताई?"

"हो."

"अक्षर चांगलं आहे," म्हणाले. टोमणा होता की नाही, मला अजून कळलेलं नाही.

पाट्यांचं काम मात्र राहिलं होतं आणि वही गेली होती. पुढच्या आठवड्यात मला झोप लागेना म्हणून एक दिवस साडेसहालाच आले आणि कित्येक वर्षांनी तळ्याच्या वाटेने चालू लागले. पुलावर काका उकिडवे बसून पाण्यात बघत होते. हातात घड्याळ. मी झाडाआड थांबले. नऊ मिनिटं ते हलले नाहीत. मग उठले आणि बाकापर्यंत धावत सुटले. सहासष्ट वर्षांचा माणूस, एका हाताने गुडघा धरून. बाकावर बसून बूट काढला, नसलेला खडा झटकला, परत बूट घातला आणि वेळ टिपून घेतली. त्यांच्या पुढे वाट रिकामी होती. मी परत फिरले आणि खिडकीत बसून रडले.

पाट्या लागल्या. "लहान मुलांसह पूर्ण फेरी: दोन तास दहा मिनिटं. पुलावरचं थांबणं यात धरलं आहे." तेव्हापासून खिडकीवर कोणी भांडायला येत नाही. उलट विचारतात, "पाटी कोणी केली हो? आमच्या पोराला ओळखत असल्यासारखी लिहिलीय." मी सांगते, आमचे एक काका आहेत. बोलवा की, म्हणतात. मी म्हणते, आता ते कामात आहेत. काका त्या वेळी बंद दाराआड खाटेवर बसलेले असतात.

शेवटी मी मनाचा हिय्या केला. परवा सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना त्यांच्या दारात गेले, आणि या वेळी आत जाऊन खाटेवर बसले. म्हटलं, "काका, सोमवारी खिडकी बंद असते. दुपारी आपण दोघं फेरी मारू. मी बरोबर असले की कोणी काही म्हणणार नाही. साहेबांना मी विचारते."

काकांनी घड्याळाला किल्ली दिली. बराच वेळ देत राहिले.

"म्हणजे तुम्ही शेजारी असलात की मी बरा माणूस," म्हणाले. "आणि ज्या सोमवारी तुम्हाला ताप येईल त्या दिवशी?"

मी खाटेवरची चादर सरळ करत बसले.

"तुमचा राग नाही, ताई. त्या बाईंचाही नाही. पण मला तसं नको." मग त्यांनी बाहेर बघितलं. "आठ वाजले. गाडी येतेय."

मी उठून बाहेर आले. मागे दार लागलं, आतून कडी बसली. गाडीतून एक बाप उतरला, खांद्यावर पोर, हातात दुसरं. खिडकीशी येऊन त्याने विचारलं, "पोरांना घेऊन फेरीला किती वेळ लागेल हो?"

मी म्हटलं, "पाटीवर लिहिलंय. अगदी बरोबर आहे ते."