तिसरी खोळ

शाईचं पॅड वकीलसाहेबांनी चपलेच्या टोकानं माझ्याकडे सरकवलं.

मी ओसरीवर खाली बसले होते. ते खुर्चीवर. शेजारच्या खुर्चीवर ठाण्याचा जमादार, हातात चहाची बशी. फाटकाबाहेर माझी माय, डोक्यावर वांग्यांची टोपली तशीच.

"लाव अंगठा," वकीलसाहेब म्हणाले. "साधा कागद आहे. कापडाचं काम तू केलंस, एवढंच लिहिलंय."

कागद त्यांनी माझ्या पुढ्यात टाकला. हातात दिला नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. नवऱ्यानं टाकलेली. परतवाड्यात सापन नदीच्या काठी मायचा भाजीचा तुकडा होता आणि मी लोकांच्या गोधड्या शिवत होते. बोलत कोणाशीच नव्हते. गिऱ्हाईक आलं की मायच्या मागं उभी राहायची. पोरगी मुकी आहे, असं पुष्कळांना वाटायचं. मी चौथी पास आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

त्या हिवाळ्यात वकीलसाहेबांकडे एक गोरा पाहुणा आला होता. विमानानं मुंबईला उतरला, तिथून रेल्वेनं बडनेऱ्याला, तिथून साहेबांच्या जीपनं परतवाड्याला. मेळघाटात वाघ मारायला, तेव्हा त्याची परवानगी मिळायची. सोबत दोन बंदुका. जंगलातल्या बंगल्यावर मुक्काम होता तेव्हा सायाळीनं त्या बंदुकांच्या चामडी पिशव्या कुरतडून टाकल्या. हाताच्या घामाचं मीठ लागलेलं चामडं सायाळ सोडत नाही. म्हणून मला बोलावणं आलं. मांजरपाटाच्या दोन खोळी शिवायच्या. आत कापूस, वरून गोधडीसारखे टाके.

बंदूक मी तोवर हातात घेतली नव्हती. वितीनं मापली. एक पाच वीत चार बोटं. दुसरी साडेपाच वीत. पाहुणा समोर बसून सांगायचा आणि वकीलसाहेब मला मराठीत करून सांगायचे. खोळीच्या तोंडाला नाड्या हव्यात, टाके नकोत. विमानात चढायच्या आधी तिथली माणसं बंदूक बाहेर काढतात. रिकामी आहे का बघतात. गोळ्या वेगळ्या पेटीत. बंदुकीवर नंबर कोरलेला असतो, तो कागदावरच्या नंबराशी ताडतात. आणलेली बंदूक इथं ठेवता येत नाही, परत न्यावीच लागते. मी मान हलवायची आणि शिवायची.

चार दिवस काम चाललं. चारही दिवस घरी निघताना वकिलीणबाई दारात उभ्या.

"झाड गं पदर."

मी पदर झाडायची.

"कनवटी सोड."

सोडायची. गठुडं उलटं करायची. दाभण, सुया, कात्री, भाकरीचं फडकं. सगळं ओसरीवर.

"मूठ मूठ कापूस नेता तुम्ही लोक. घरी जाऊन आख्खी उशी भरता."

मी खाली बघत सगळं पुन्हा बांधायची. एका दिवशी पाहुणा तिथंच आरामखुर्चीत होता. तो काही बोलला आणि हसला. वकीलसाहेबही हसले. "अगं, साहेब म्हणतात, विमानतळावर त्यांचीही अशीच झडती होते." मग बाईही हसल्या. माझा पदर माझ्या हातात होता. पाहुण्याची झडती झाल्यावर त्याला सलाम करतात, हे मी तिथं उभी असतानाच मला कळलं. ते कोणी सांगायची गरज नव्हती.

पाहुणा निघायचा त्या सकाळी मला परत बोलावलं. बाई म्हणाल्या, एका खोळीवर तेल सांडलं, दुसरी शीव, घाई आहे. मी माप घ्यायला बंदूक मागितली. बंदूक दिली नाही. सुतळीचा एक तुकडा दिला. "एवढी लांब."

सुतळी मी वितीनं मापली. सहा वीत चार बोटं.

मी शिवली. दुपारी दोन बंदुका बाहेर आल्या. एक माझ्या पहिल्या खोळीत. दुसरी जुन्या धोतरात गुंडाळलेली, तशीच नव्या खोळीत घालायला सांगितली. वकीलसाहेब म्हणाले, "नाड्या राहू दे. दोन्ही खोळींची तोंडं दाभणानं शिवून टाक." मी शिवत असताना त्या दुसऱ्या बंदुकीवर हात पडला. वर घोड्यासारखं काही लागलं, जुन्या बंदुकीला बार उडवायला असतो तसं. पाहुण्याच्या बंदुकांना वर घोडा नव्हता. मी मान वर केली. वकीलसाहेब माझ्याकडेच बघत होते. मी मान खाली घातली.

मला कळलं होतं. मी बोलले नाही. हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण हेही खरं आहे.

साहेबांनी टाक्यांवर लाख ओतली. आपला शिक्का मारला. बाईंना म्हणाले, "वकिलाच्या शिक्क्यावर कोण चाकू चालवतो?" ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते. निघताना बाईंनी त्या दिवशीही माझा पदर झाडून घेतला.

मुंबईत विमानतळावरच्या माणसांनी चाकू चालवला. लाख फोडली, टाके कापले, नंबर वाचले. एक जुळला. दुसऱ्या खोळीतून पाहुण्याची नव्हे, गंजलेली एकनळी बंदूक निघाली. पाहुण्याला त्या दिवशी विमानात बसू दिलं नाही. त्यानं सांगितलं, सामान वकिलाच्या घरी बांधलं. पाहुण्याला आधीपासून ठाऊक होतं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. हे सगळं मला जमादारानं ओसरीवर सांगितलं. वर म्हणाला, "कावून वं, कोनाले देली बंदूक?"

मग तो कागद.

वकीलसाहेब हळू आवाजात बोलू लागले, जसं तापातल्या मुलाशी बोलतात. "घाबरू नको. मी वकील आहे. मीच तुझ्या बाजूनं उभा राहीन. दोन महिन्यांत घरी येशील. तुझ्या मायची भाजी आम्ही रोज घेऊ."

फाटकाकडून माय म्हणाली, "लाव ना वं अंगठा. मोठे लोक हायेत. सोडवतीन तुले."

माझा अंगठा पॅडवर गेला होता. शाई लागली होती. कागद उजवीकडे सरकवायला मी खाली वाकले आणि माझं नाव दिसलं. आपलं नाव दिसलं की डोळा थांबतो. मी पुढं वाचलं. मला सावकाश वाचता येतं, ओठ हलवून. 'मी शिवणकाम करीत असता मोहाने पाहुण्यांची बंदूक काढून त्या जागी जुनी बंदूक घातली. सदर बंदूक घरी नेऊन जंगलातील अनोळखी इसमास दिली.'

दोनदा वाचलं. कोणी घाई केली नाही. त्यांना वाटलं, पोरगी रडते आहे.

"हे खोटं हाय," मी म्हणाले.

बशी जमादाराच्या ओठांशी थांबली. "अरे वा! मुकी बोलते."

"मले वाचता येते."

बाई दारातून ओरडल्या. "बघा, बघा! तोंड बघा हिचं! चार दिवस घरात घेतली—"

"जाताना रोज तुमी माहा पदर झाडून पाह्यला, बाई. कनवटी पाह्यली. गठुडं पाह्यलं. मूठभर कापूस नाही निघाला. मंग साडेपाच वितीची बंदूक मी कशात नेली?"

माझा आवाज आता येत होता. मी म्हणाले, "खोळी मी तीन शिवल्या. मुंबईले दोन गेल्या. एक कुठं हाय?"

बाईंनी माडीकडे पाहिलं. एकदाच, आणि नजर खाली घेतली. ते मी पाहिलं. जमादारानंही पाहिलं. मग त्यानं चहावर फुंकर मारली.

"तुला समजत नाही तू काय बोलतेस," वकीलसाहेब म्हणाले. आता आवाज हळू नव्हता. "अंगठा लाव. नाहीतर तुझ्या मायलाही आत घालीन."

त्यांचं पेन खुर्चीशेजारच्या टेबलावर होतं. मी उठले आणि न विचारता ते उचललं. त्या घरातल्या टेबलाला मी पहिल्यांदा हात लावला. कागद टेबलावर ठेवून, उभ्यानं, त्यांच्या ओळींच्या खाली लिहिलं: 'वरचे खोटे आहे. मी तीन खोळी शिवल्या. बंदूक या घरात आहे.' खाली माझं नाव. पूर्ण नाव. अंगठ्याची शाई कागदाच्या कडेला लागली, ती पुसायला मी थांबले नाही.

वकीलसाहेबांनी कागद ओढून घेतला आणि फाडला.

जमादार माडीवर गेला नाही. मला ठाण्यात नेलं, दोन दिवस बसवून ठेवलं, माराची भीती घातली. दुसरा कागद आणला, तोही मी वाचला आणि त्याच्याखालीही तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी सोडलं. पुढं कानावर आलं की पाहुण्याची बंदूक मेळघाटात एका नाल्याकाठी सापडली म्हणे. वकीलसाहेबांचं काही झालं नाही. ते अमरावतीला कोर्टात जात राहिले. लोक त्यांना नमस्कार करत राहिले.

आमची भाजी त्या आळीत परत कोणी घेतली नाही. वांगी सुकली, मेथी जनावरांना घातली. माय महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस म्हणाली, "अंगठा लावला असता तं हिंडत असते का मी अशी?" मी म्हणाले, "नाही. मी तुरुंगात असते." जमीन विकून आम्ही हिवरखेडला मामाकडे गेलो, तिथं फार दिवस ठेवून घेतलं नाही, मग अकोल्याला आलो.

अकोल्यात एका डॉक्टरांच्या घरी गाद्या शिवायला लागले. पहिल्याच संध्याकाळी त्यांची आई दारात उभी राहिली. "जरा पदर झाड गं, जाताना."

मी तिच्याकडे पाहिलं. वाईट बाई नव्हती. सगळेच म्हणतात, म्हणून म्हणाली.

"नाही झाडत," मी म्हणाले. दाभण फडक्याला पुसून गठुड्यात ठेवलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी त्या घरचं काम नव्हतं. त्या आठवड्यात कोणतंच नव्हतं. माय चुलीपाशी बसून माझ्याकडे नुसती बघत होती.

मी अजूनही फार बोलत नाही. अनोळखी माणूस आलं की आत जाते. पण मी शिवलेलं प्रत्येक काम आता या वहीत असतं, माझ्या अक्षरात, वितीच्या मापासकट, कोणी काय दिलं आणि कोणाच्या हातात परत गेलं त्यासकट. झाकलेली वस्तू मी झाकलेली शिवत नाही. ती उघडून दाखवावी लागते. कागद आला तर आधी वाचते, माणूस कितीही मोठा असो, तो उभा राहतो आणि मी वाचते.

आणि पदर मी कोणाच्या दारात झाडत नाही. काम गेलं तरी नाही. माय उपाशी राहिली तेव्हाही झाडला नाही.