प्रभाबाईंची शिंक

प्रभाबाई दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायच्या, तेव्हा त्यांची शिंक पार फाटकापर्यंत ऐकू जायची आणि पोरं खुदूखुदू हसायची. घरी मात्र काय बिशाद! नवरा, विश्वासराव, एरवी देवमाणूस. पण कुणी बाहेर पडताना शिंक आली की संपलंच. "घातलास ना मोडता? बसा आता, पाणी प्या!" बाई नाक चिमटीत धरून शिंक गिळायला शिकल्या. लग्न झाल्यापासून गिळतच होत्या.

मग मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. डॉक्टरांनी ती नाकावाटे काढली, वाट आतून बुजवली आणि बजावलं, "नाक शिंकरायचं नाही. छींक आये तो मुँह खोलके. दाबली तर हवा वर डोक्यात घुसेल." विश्वासरावांनी मान डोलावली.

घरी येऊन आठवडा होतो न होतो तोच लेकीची, कृतिकाची, यूपीएससीची मुलाखत आली. बाईंनी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. ती दाराशी वळली आणि बाईंचं नाक हुळहुळलं. सवयीनं चिमूट वर गेली, तोंड मिटलं, शिंक आतल्या आत फुटली. विश्वासरावांनी पाहिलं. खोटं कशाला बोला, त्यांना हायसं वाटलं!

दुपारी बाईंचं डोकं फुटायला आलं. "अहो, आत काहीतरी बुडबुडतंय." थोड्या वेळानं नवऱ्यालाच विचारू लागल्या, "सर, शाळा सुटली का?" विश्वासरावांनी धावत जाऊन टॅक्सी आणली. नोएडाच्या घरून दिल्लीच्या हॉस्पिटलकडे निघालेली टॅक्सी यमुनेच्या पुलावर अडकली. "भैया, चलो ना यार!" ते ओरडत होते, आणि मांडीवरचं डोकं जड होत चाललं होतं.

"कवटीत हवा कोंडलीय, मेंदू दाबला जातोय," डॉक्टर म्हणाले. "फार क्वचित होतं असं. शिंक दाबली होती का?"

"मी दाबायला लावली," विश्वासराव म्हणाले. "जन्मभर."

कवटीला बारीक भोक पाडून हवा काढली, नाकातली वाट पुन्हा बुजवली. बाई वाचल्या. कृतिकाचं नाव मात्र निकालात नव्हतं.

पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत, पुन्हा दही-साखर. कृतिकानं चप्पल घातली आणि बाईंचा हात नाकाकडे निघाला. विश्वासरावांनी तो झटकन पकडला.

"तोंड उघड, प्रभा!"

अशी शिंक आली की खालची कुत्री भुंकायला लागली. कृतिका दारातच थबकली. आता बाबा बसवणार, पाणी पाजणार!

"थांबायचं नाही," विश्वासराव डोळे पुसत म्हणाले. "आई शिंकलीय. नीघ तू."